शेवटचा दिवस : रेवदंडा ते भाऊचा धक्का



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीवरच आम्ही बोलू अशी त्यांची समजूत असावी. विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. 'शिडाच्या मचव्यातील प्रवासाचा शेवटचा दिवस' हा विषय युनियनच्या माणसाच्या तोंडी शोभेल की काय, अशी त्यांना शंका. शेवटपर्यंत ऐकलेत तर तुमचीही शंका फिटेल.

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत तेही होते. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील दोन कपाटांनी आणि एका मोफत वाचनालयाने दिले. या प्रवासाची कल्पनाही त्या कपाटांतूनच निघाली. आमच्या अभ्यासवर्गात कोकणकिनाऱ्याचा इतिहास चालू होता. वर्गातील बहुतेकांचे आजे-पणजे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून समुद्रमार्गे मुंबईस आलेले. पण त्या वाटेने गेलेला आमच्यांत एकही नव्हता. कोकणच्या प्रवासी आगबोटी केव्हाच थांबल्या आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. आता चाकरमानी रात्री डोळे मिटतो आणि सकाळी गावी उघडतो. मधला मुलूख तो पाहतच नाही.

तेव्हा ठरले की विजयदुर्गहून निघायचे आणि मुंबईपर्यंत शिडावर यायचे. अकरा जण आम्ही, एक तांडेल आणि दोन खलाशी. मचवा लाकडी. त्याला यंत्र बसवलेले होते, पण यंत्राला हात लावायचा नाही, अशी शपथ आम्ही निघताना घेतली. रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, मुरूड अशी मजल दरमजल करीत सातव्या रात्री रेवदंड्याच्या खाडीत नांगर टाकला. आज सांगायचे आहे ते आठव्या दिवसाविषयी.

दर्यावरचा दिवस घड्याळ सुरू करीत नाही, पाणी सुरू करते. कोळ्यांचा एक हिशेब आहे. तो तुम्हापैकी अनेकांना ठाऊक असेल. नसेल तर आज घरी घेऊन जा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर भरती पूर्ण होण्याची वेळ सुमाराने निघते. त्या दिवशी पौष वद्य पंचमी होती. पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे साडेतीनच्या सुमारास एकदा भरती पूर्ण, आणि दुपारी पावणेचारला पुन्हा. या दोन भरत्यांच्या मध्ये आमचा सारा दिवस बसवायचा होता. कुंडलिकेच्या मुखाशी वाळूचा बांध आहे. भरतीच्या भरलेल्या पाण्यात तो ओलांडायचा आणि दुपारच्या भरतीबरोबर मुंबई बंदरात शिरायचे. दुपारची भरती हुकली की ओहोटीचे पाणी बंदरातून बाहेर लोटू लागते. त्या ओढीपुढे शिडाचा मचवा काय करणार?

वाऱ्याचाही असाच हिशेब आहे. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, पाणी उबदार राहते. म्हणून पहाटे जमिनीकडून दर्याकडे वारा वाहतो. त्याला मतलई म्हणतात. दिवस वर आला की जमीन तापते आणि वारा दर्याकडून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. पहाटे मतलईवर बाहेर पडावे आणि दुपारी खाऱ्यावर आत यावे, हे या किनाऱ्याचे जुने वेळापत्रक. या दोहोंच्या मध्ये मात्र एक मुदत अशी असते की एक वारा मेलेला असतो आणि दुसरा जन्मलेला नसतो. आमच्या त्या दिवसाची गोष्ट या मुदतीतच घडली.

साडेतीनला नांगर उचलला. पंचमीचा चंद्र डोक्यावर होता. उजवीकडे रेवदंड्याच्या किल्ल्याचा तट आणि डावीकडे कोरलईचा डोंगर पाण्यात पुढे सरकलेला. दोन्ही किल्ले पोर्तुगीजांनी बांधले. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेचा एक अंश कोरलई गावात अजून बोलला जातो. शेजारच्या मराठीशी शेकडो वर्षे नांदून ती बोली जगली आहे. तिला ना राजाश्रय, ना शाळा. आयांनी मुलांशी बोलता बोलता ती राखली. आणि हे चौल बंदर! अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १५ व्या शतकात येथे उतरला आणि त्याने येथील लोकांविषयी लिहून ठेवले. वास्को द गामाच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट. आज खाडी गाळाने भरत चालली आहे. बंदर म्हणजे तटबंदी नव्हे, खोल पाणी आणि ते खोल राखणारे हात. हात निघून गेले की बंदराचे गाव होते.

मतलई उजव्या अंगाने भरून आली. शीड फुगले, मचवा किंचित कलला आणि पाण्याचा आवाज बदलला. नागाव आणि आक्षीची माडा-सुपारीची काळी रेघ हळूहळू हिरवी होत गेली. सूर्य सह्याद्रीच्या मागून आला. कोकणच्या सौंदर्याचे वर्णन आमच्यापेक्षा समर्थ लेखण्यांनी केले आहे, त्यांच्याशी आम्ही स्पर्धा करीत नाही. एकच सांगतो. किनारा जमिनीवरून पाहणे वेगळे आणि दर्यावरून पाहणे वेगळे. जमिनीवरून समुद्र दिसतो. दर्यावरून देश दिसतो. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे भाताची खाचरे, मग वाड्या, मग वाळू आणि मग आपण. एवढ्या अरुंद पट्टीतून पिढ्यान् पिढ्या माणसे मुंबईला का जात राहिली, ते पुस्तकात वाचले होते. त्या सकाळी ते डोळ्यांना दिसले.

अलिबागसमोर आलो तेव्हा साडेसात झाले होते. कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला त्याच्याकडे पायी जाता येते. त्या वेळी पाणी उतरत होते आणि खडक डोके काढू लागले होते. तांडेलने मचवा बराच बाहेर ठेवला होता, चौल-कडूच्या खडकाकडे बोट दाखवून म्हणाला, "भाऊ, हा दिसतो तेव्हा भिऊ नये. दिसत नाही तेव्हा भ्यावे." किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले, पुढे आंग्र्यांचे ते मुख्य ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन या किल्ल्यावर चाल केली आणि हात हलवीत परत गेले. याच अलिबागेत १९०४ पासून भूचुंबकत्वाची वेधशाळा आहे. ती मुंबईहून येथे आणली, कारण मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि विजेच्या प्रवाहाने नाजूक सुया बिघडल्या असत्या. ट्रामगाड्या केव्हाच गेल्या; वेधशाळा आपल्या जागी आहे.

दहाच्या सुमारास खांदेरी आणि उंदेरी दिसू लागली आणि तेथेच मतलई मेली. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. पाणी तेल ओतल्यासारखे सपाट झाले. अकरा माणसे, तीन दर्यावर्दी आणि बारा-तेरा टन लाकूड जागच्या जागी गोल फिरू लागले.

खांदेरीसमोर वारा पडावा यात एक योग होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतले. मायनाक भंडारी हा त्या कामावरचा मुख्य. मुंबईच्या इंग्रजांना आपल्या दाराशी मराठ्यांचा किल्ला नको होता. त्यांनी बेटाभोवती जहाजे उभी केली. इंग्रजांची जहाजे मोठी, तोफा भारी. पण वारा पडला की मोठे जहाज पांगळे होते आणि उथळ पाण्यात ते येऊच शकत नाही. मराठ्यांच्या होड्या लहान, वल्ह्यांवर चालणाऱ्या. त्या थळच्या किनाऱ्यावरून माणसे, धान्य आणि सामान घेऊन शत्रूच्या जहाजांमधून निसटून बेटावर जात. ऑक्टोबरात मोठी चकमक झाली, काही जहाजे जिंकली गेली, काही हरली. बेट मात्र मराठ्यांकडेच राहिले. मायनाक भंडाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. रात्रीच्या अंधारात वल्ही मारणाऱ्यांची नावे कोणत्या कागदावर आहेत? आम्ही हजेरीपट वाचणारी माणसे. आम्हाला हाच प्रश्न आधी सुचतो. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरी आहे. फार आनंदाची गोष्ट. त्या मानात त्या वल्हेकऱ्यांचा वाटा आहे, एवढे आपण आपल्या मनाशी तरी नोंदवून ठेवू या.

आता मुख्य गोष्ट. आमच्यांत दोन तरुण होते. दोघेही भिवंडीजवळच्या एका गोदामात कंत्राटदाराकडून लागलेले. पाळी बारा तासांची, रात्री आठ ते सकाळी आठ. आठ दिवसांची रजा त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळवली होती, अर्थात बिनपगारी. त्या रात्री आठला दरवाजात उभे नसले तर नाव कापले जाणार, हे त्यांना निघतानाच बजावून सांगितलेले. भाऊच्या धक्क्यावरून भिवंडीचे गोदाम गाठायला दोन-तीन तास हवेत. भरती पावणेचारला पूर्ण. तोपर्यंत आम्ही बंदरात नसलो, तर रात्रीपर्यंत बाहेरच डोलत राहणार. हिशेब सरळ होता.

अकराला वाद पेटला. यंत्र चालू करावे, असे कोणीतरी म्हणाले. दुसरा उसळला, "सात दिवस शपथ पाळली, आणि आता मुंबई दिसू लागल्यावर मोडायची? मग विजयदुर्गहून रेल्वेनेच का आलो नाही?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शपथ अडचणीत पाळायची असते. सोयीत कोणीही पाळतो. दोघे तरुण म्हणाले, "आमच्यासाठी शपथ मोडू नका. काय व्हायचे ते होईल." हे शब्द ऐकून काही जणांचे डोळे पाणावले. कोणी म्हणाले, बघा, केवढा त्याग!

मंडळी, या शब्दाला आम्ही फार भितो. तीस वर्षे युनियनचे काम करताना हा त्याग आम्ही पुष्कळ पाहिला आहे. सभेत जो सर्वांत गरीब असतो तोच पहिला म्हणतो, माझी काळजी करू नका. का म्हणतो? कारण आपल्यामुळे इतरांचे काम अडले, हे त्याला सहन होत नाही. आणि इतर जण त्या शब्दांना टाळ्या वाजवून मोकळे होतात. संप किती दिवस टिकणार हे पुढाऱ्याच्या आवाजावर ठरत नाही. ते सर्वांत गरीब संपवाल्याच्या घरातल्या पिठाच्या डब्यावर ठरते. ज्याने तो डबा उघडून पाहिला नाही त्याने संपाची हाक देऊ नये. १९८२ च्या संपात आमच्या आईने तो डबा रोज उघडून पाहिला आहे.

म्हणून आम्ही उभे राहून सांगितले की शपथ अकरा जणांनी घेतली, तिची किंमत अकरा जणांनी भरायची असेल तर शपथ खरी. अकरांच्या शपथेसाठी दोघांची नोकरी जाणार असेल तर ती शपथ नव्हे, चैन आहे. शिडावर आल्याचा अभिमान नऊ जणांनी घरी न्यावा आणि दोघांनी उपासमार न्यावी, असली वाटणी मालक करतात. आपण करू नये. जो उसळला होता, तो बराच वेळ खाली पाहत बसला आणि मग म्हणाला, "यंत्र लावा." हात वर करून मत घेतले. अकरांपैकी नऊ हात वर गेले. ते दोघे तेवढे हात वर करेनात!

आणि मग तांडेल, जो इतका वेळ बिडी ओढत ऐकत होता, म्हणाला, "तुमचे मत झाले. आता माझे ऐका. दोन्ही पाणी आपल्या बाजूला आहे. भरती लागून दीड तास झाला, मचवा आपोआप वर सरकतो आहे, खांदेरीकडे बघा. यंत्र लावू, पण मुंबईपर्यंत नाही. वारा भेटेल तेथपर्यंतच." आम्ही पाहिले. खरोखरच बेटाचे दीपगृह, जे आधी नाकासमोर होते, ते आता बगलेला आले होते. आम्ही वादात होतो तेव्हा पाणी आपले काम करीत होते. १८६७ पासून ते दीपगृह असल्या कितीतरी मचव्यांना वाट दाखवीत आले असेल!

यंत्र लावले. चाळीस मिनिटे त्याचा धडधडाट ऐकला. मग वायव्येकडे पाण्यावर एक काळसर रेघ दिसली. तांडेलने यंत्र बंद केले. खारा वारा आला तो डाव्या अंगाने. म्हणजे शीड पालटायला हवे. त्याची ती लांब तिरपी काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायची. हे काम तीन खलाशांच्याने होत नाही. एकाच्या हाकेवर सर्वांचे हात एकदम ओढावे लागतात. एक जरी उशिरा ओढला तरी दोर हात सोलून काढतो. आठ दिवसांत प्रथमच ते एका दमात जमले. वादानंतर माणसे एकतर तुटतात किंवा जुळतात. आम्ही जुळलो होतो, याचा पुरावा तो दोर.

दुपारी एकच्या पुढे मांडव्याचा किनारा उजव्या हाताला आला आणि तांडेलने सर्वांना तरंगती जाकिटे घट्ट बांधायला लावली. कोणीतरी हसून म्हणाले, समुद्र तर शांत आहे. तांडेल हसला नाही. हा रेवसचा रस्ता. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बहुतेक सारी आमच्या-तुमच्यासारखी. अवसेला घरी निघालेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वार्ता मुंबईला लागायला कित्येक तास गेले. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवल्या आणि जेवढे हाती लागले तेवढे वाचवले. हे जुने झाले म्हणावे, तर १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात घारापुरीला चाललेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि पुन्हा माणसे बुडाली. सुरक्षिततेचा प्रत्येक नियम कोणाच्या ना कोणाच्या मरणाने लिहिलेला असतो. कारखान्यात यंत्रावरची जाळी आणि मचव्यात जाकीट, दोन्ही एकच. जो ती काढून ठेवतो तो धीट नसतो. ज्यांच्या मरणाने ती आली त्यांना तो विसरलेला असतो.

तांडेलचे दोन खलाशी, एक पालघरकडचा आणि एक पार नेपाळचा. दर्या कधी न पाहिलेल्या मुलखातून माणूस आज कोकणच्या होडीवर कामाला येतो. त्याला पगार नाही, वाटा आहे. मासळी आली तर वाटा, न आली तर भात. बुडाला तर गावी कळवायला पत्ता तेवढा तांडेलच्या वहीत. आठ दिवस आम्ही ज्याला सौंदर्य म्हणत होतो, ते त्याचे कामाचे ठिकाण. ही जाणीव घेऊन जो किनारा पाहील, त्याला किनारा कमी सुंदर दिसत नाही. त्याला तो आपला वाटू लागतो.

दोनला मुंबई पुरती उभी राहिली. कुलाब्याच्या टोकाशी १८७५ चे प्राँग्जचे दीपगृह, मागे इमारतींची गर्दी, आणि उजवीकडे दूर न्हावा-शेव्याचे उंट-मानेचे क्रेन. भरती आम्हाला आत ओढत होती. याच पाण्यावर १८ फेब्रुवारी १९४६ ला नौसैनिकांचे बंड सुरू झाले, तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरण्या बंद करून रस्त्यावर आलेला मुंबईचा कामगार होता. याच गोदीत १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. पुढे १९८९ मध्ये न्हावा-शेव्याला नवे बंदर सुरू झाले, पेटाऱ्यांत बंद माल आला आणि पाठीवर ओझे वाहणारा गोदी कामगार कमी होत गेला. ओझे गेले याचे दुःख नाही. ओझ्याबरोबर माणूसही गेला, आणि त्याच्या जागी भिवंडीच्या गोदामातला बारा तासांचा मुलगा आला. आमचे दोघे तरुण त्याच साखळीचे टोक. न्हावा-शेव्याला उतरलेला पेटारा त्यांच्याच हातांनी उघडला जातो.

तीन वाजून वीस मिनिटांनी भाऊच्या धक्क्याला दोर टाकला. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी हा धक्का बांधला. कोकणातून आलेल्या हजारो चाकरमान्यांचे पहिले पाऊल मुंबईत पडले ते येथे. आमच्या आजोबांचेही. धक्क्यावर बर्फाची, मासळीची आणि डिझेलची घाई. कोणी आमच्याकडे पाहिले नाही. दोघे तरुण पिशव्या खांद्याला लावून धावतच गेले. निरोप घ्यायलाही थांबले नाहीत. रात्री नऊला त्यांचा निरोप आला. पावणेआठला दरवाजात उभे होते.

पुढे काही जणांनी विचारले, प्रवास शिडाने पूर्ण झाला, असे म्हणावे की नाही? आम्ही सांगतो, चाळीस मिनिटे यंत्राची आणि बाकी शिडाची. जे झाले ते तसेच सांगावे. आम्ही त्या चाळीस मिनिटांची लाज बाळगत नाही. उलट आठ दिवसांच्या प्रवासात आमचे अकरा जणांचे टोळके संघटना झाले ते त्याच चाळीस मिनिटांत, असे आमचे मत आहे.

आता या नगरातील मंडळींना एक विनंती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी अनेक जण कोकणात जाल. होडीत बसाल, किल्ले पाहाल, मासळी खाल. अवश्य जा. फक्त उतरताना तांडेलला आणि खलाशांना त्यांची नावे विचारा, आणि मुलांना सांगा की ती वहीत लिहून ठेवा. खांदेरीच्या वल्हेकऱ्यांची नावे लिहायची राहून गेली. पुन्हा तसे होऊ नये.